पाहुणचाराची सावड

लग्न झालेल्या जोडप्याला आपल्या समाजाने पहिले वर्षभर पाहुणा मानलेले आहे. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. लग्नाआधी केळवणे होतात. लग्नानंतर मांडवपरतणी होते. आषाढात नव्या नवरीला माहेरी आणतात, श्रावणात मंगळागौर पुजतात, दिवाळीला जावयाला बोलावून दिवाळसण करतात, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून सुनेचे कौतुक करतात, आणि अधिक महिना आलाच तर जावयाला अनारशांचे वाण देतात. जातीपरत्वे आणि गावापरत्वे या चालीरीतींत फरक पडतो. आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या पुष्कळ घरांत मंगळागौर नसेल. पण आखाडात मुलीला आणायला मुराळी जातोच. तपशील काही असो, सूत्र एकच आहे. वर्षभर त्या दोघांनी कोणाच्या तरी घरी जायचे, त्यांना कोणीतरी जेवू घालायचे, निघताना त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचे. त्यांनी चार माणसांना जेवू घालावे, अशी अपेक्षा त्या वर्षात कोणी करीत नाही.

ही केवळ हौस आहे, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांची ओळख करून घ्यावी, एकमेकांच्या सवयी, रुसवे-फुगवे समजून घ्यावेत, यासाठी समाजाने दिलेली ती सवड होती. जुन्या घरात नव्या सुनेच्या वाट्याला कष्ट कमी येत होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या आज्यांना विचारले तर त्या वेगळेच सांगतील. पण घराचा नावलौकिक सांभाळण्याची जोखीम तिच्या एकटीच्या शिरावर नव्हती. आल्यागेल्याचे काय करायचे हे सासू पाहत असे, जावा हाताशी असत. पाहुण्याला भाजीत मीठ कमी लागले तर दोष साऱ्या घराचा असे.

हा क्रम उलटा होतो तो जोडपे परदेशी गेल्यावर. लग्नासाठी काढलेली दोन-तीन आठवड्यांची रजा संपते, मुलगा कामावर रुजू होण्यासाठी निघतो, व्हिसा मिळाला की मागून मुलगी जाते. मांडवपरतणी कशीबशी उरकते, बाकीचे सगळे राहून जाते. परक्या गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत भांडी लावून होतात न होतात तोच इकडून विचारणा सुरू होते, "मग आम्ही कधी येऊ?" ज्यांनी वर्षभर पाहुणे असायचे ते पहिल्याच वर्षी यजमान होतात. माझ्या लेखाचा विषय एवढाच आहे, आणि माझे म्हणणेही थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. परदेशातल्या नवदांपत्याकडे आपण पाहुणे म्हणून जातो यात काही गैर नाही. पण जाताना पाहुणचाराची निम्मी रीत आपण गावीच ठेवून जातो, आणि तिची किंमत त्या दोघांना, त्यातही त्या मुलीला, मोजावी लागते.

भातशेतीच्या आणि जंगलाच्या या तालुक्यांत परदेशाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. एके काळी तो योग्य ठरला असता. लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले १९३२ साली. ते होते तिकडे शिकायला आणि व्यापाराला गेलेल्या मोजक्या लोकांचे. अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक तिकडे जाऊ लागले. परकीय चलनावर इतके निर्बंध होते की जेमतेम आठ डॉलर खिशात घालून गेल्याच्या आठवणी त्या पिढीतले लोक सांगतात. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. पण त्या पिढीकडे इकडून येणारा पाहुणा दुर्मीळ होता. विमानाचे भाडे परवडत नव्हते. नातेवाईक जात नसत, त्यांची पत्रे जात. आज तसे राहिलेले नाही. आसनगाव-वासिंदहून लोकलने कल्याण-ठाण्याला शिकायला जाणारी मुले पुढे दुबईला, जर्मनीला, अमेरिकेला जातात. ज्या घरातून पूर्वी कोणी कसारा घाट ओलांडून नाशिकपलीकडे गेले नसेल, त्या घरातही आता पासपोर्ट असतो. आपल्याच वर्गात चौकशी करून पाहावी. कोणाचा भाऊ, कोणाची आत्या, कोणाचा शेजारी 'बाहेर' असल्याचे कळेल.

माझी एक मावसबहीण मुरबाड तालुक्यातली. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली, लग्नाआधी कल्याणला एका कचेरीत हिशेबाचे काम करीत होती. तिचा नवरा कॉम्प्युटरच्या क्षेत्रातला. लग्नानंतर दोन महिन्यांनी ती अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या गावी गेली. तेथे पहिल्या चौदा महिन्यांत तिच्याकडे आलेल्या पाहुण्यांची यादी अशी आहे. आधी सासू-सासरे, तीन महिने. ते असतानाच नवऱ्याचा मित्र, त्याची बायको आणि दोन मुले. नायगारा पाहायला निघालेली, आठ दिवस. मग शनिवार-रविवार गाठून येणारे नवऱ्याचे कॉलेजमधले सोबती. मग तिकडे शिकायला गेलेला एक चुलत दीर, खोली मिळेपर्यंत म्हणून आला तो सहा आठवडे राहिला. आणि सर्वांत शेवटी तिचे स्वतःचे आई-वडील. ते महिनाभरच राहू शकले, कारण पाऊस तोंडावर आला होता आणि आवणीला घरी माणूस हवे होते. सर्वांत कमी दिवस कोणाला मिळाले ते पाहावे. मुलाचे आई-वडील आधी आणि मुलीचे मागून, हा क्रम विमानात बसूनही बदलत नाही.

तिची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. नोकरीसाठी गेलेल्या माणसाची पत्नी म्हणून तिला जो व्हिसा मिळतो त्यावर तिला नोकरी करता येत नाही. २०१५ पासून अशा पत्नींपैकी काहींना कामाचा परवाना मिळू लागला. पण त्यासाठी नवऱ्याच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची बरीच वाट चाललेली असावी लागते, आणि नव्या नवरीच्या बाबतीत ती बहुधा चाललेली नसते. म्हणजे कालपर्यंत पगार आणणारी मुलगी आज दहा डॉलर खर्च करतानाही विचारते. दुकान लांब, रस्त्याने चालणारे माणूस क्वचित दिसते, गाडी चालवायला शिकायची तर उजव्या बाजूने. मोलकरीण नाही. स्वयंपाकघर उघडे, बैठकीच्या खोलीला लागून; मोहरीची फोडणी जरा करपली की छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागतो आणि पाहुणा दचकून उभा राहतो. मन मोकळे करायला इकडे फोन करावा तर येथे सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तेथे आदल्या दिवशीची रात्र असते. आणि पाहुणे पलीकडच्याच खोलीत असल्यामुळे मन मोकळे करता येत नाही ते वेगळेच.

तरीही तिने पाहुण्यांबद्दल वाईट शब्द काढला नाही. सासू-सासरे निघून गेल्यावर ती मला फोनवर म्हणाली, "अगं, ते कधी जातील म्हणून मी दिवस मोजत होते, आणि विमानतळावरून परत आले तर घर खायला उठलं." या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. माणसे नको आहेत असे तिला वाटत नाही. माणसांवाचून ती झुरते. पण माणसे आली की ती दमते, आणि दमल्याचे सांगायची सोय नसते.

पाहुण्यांची बाजूही पाहिली पाहिजे. तिचे सासरे आयुष्यभर शेतात राबलेले. पहाटे उठून गोठ्यात जाणारा माणूस तेथे खिडकीपाशी बसून समोरच्या मोटारी मोजत असे. मुलगा आठ वाजता कामावर जाई तो अंधार पडल्यावर येई. शेजाऱ्याशी बोलावे तर भाषा येत नाही, बाहेर पडावे तर गाडी नाही, पारावर जावे तर पार नाही. मग उरते काय? चहा, जेवण, पुन्हा चहा, आणि सुनेच्या कामाकडे लक्ष. घरकामातल्या चुका काढणे हा पुष्कळदा स्वभावाचा दोष नसतो. रिकाम्या हातांचा तो दोष असतो.

आता आपल्याकडचा पाहुणचार कसा असतो ते आठवू. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. म्हसोबाचे दर्शन, जनावरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने; त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत घरोघर पाहुणा असतो. पण एकही घर एकट्याने पाहुणे सांभाळीत नाही. अंथरुणे शेजारून येतात. मोठे पातेले भावकीतून येते. भाकऱ्या थापायला तीन घरच्या बाया बसतात. जागा कमी पडली तर पाहुण्यांतली पुरुषमंडळी देवळात किंवा दुसऱ्याच्या ओटीवर झोपतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पाहुणी आलेली बाईदेखील चार घटकांच्या वर पाहुणी राहत नाही. पाय धुऊन, चहा घेऊन झाला की ती चुलीपाशी जाऊन बसते आणि पिठाची परात पुढे ओढते. पाहुणा पुरुष मळणीला हात लावतो, निदान गुरांना पाणी दाखवतो.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडचा पाहुणा घराचे पंचांग जाणतो. आवणीच्या दिवसांत कोणी चार दिवस राहायला म्हणून येत नाही; आलाच तर गुडघाभर चिखलात उतरायच्या तयारीने येतो. पाहुण्यांचे दिवस भात घरात येऊन पडल्यावरचे. यात्रा, जत्रा, लग्ने सारी त्याच सुमारास येतात, हा योगायोग नाही. यजमानाच्या घरात धान्य आणि अंगात उसंत असेल तेव्हाच पाहुण्याने यावे, हा त्यामागचा हिशेब आहे.

शेतीतल्या एका जुन्या रीतीला सावड म्हणतात. आज तुझ्या शेतावर मी, उद्या माझ्या शेतावर तू. मजुरी नाही, उपकार नाही, आणि हिशेब तर पक्का. आपला पाहुणचार हा मुळात सावडीचाच प्रकार होता. तो शेजार, भावकी आणि स्वतः पाहुणा यांच्यात वाटलेला होता. म्हणूनच गरीब घरालाही तो झेपला. पाहुण्याला देव मानणारे लोक आपण, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या देवाच्या पालखीला खांदे चार असत, हे सांगायचे विसरतो.

हे केवळ गावातच शक्य होते, असे मात्र नाही. मुंबईचे उदाहरण घेऊ. आपल्या बापजाद्यांना मुंबई हाच परदेश होता. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली अवघ्या १६० चौरस फुटांची. त्यात अख्खे कुटुंब, आणि वर गावाहून आलेला माणूस. कोणी नोकरी शोधायला, कोणी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात दाखवायला, कोणी कोर्टाच्या तारखेला. त्याच खोलीत नवे लग्न झालेले जोडपे असे आणि साडीचा आडोसा हीच त्यांची भिंत असे. हाल होते, यात शंका नाही. पण तेथेही सावड होती. रात्री पुरुष सज्जात झोपत. शेजारीण आपला स्टोव्ह देई. नव्या नवरीला पाहुण्यांसह एकटी टाकून कोणी दार लावून घेत नसे, कारण चाळीत दार लावायची पद्धतच नव्हती. आणि गावचा पाहुणा रिकाम्या हाताने येत नसे. तांदळाचे गाठोडे, वाल, सुकी मासळी घेऊन येई. ही भेटवस्तू नव्हती. आपल्या पोटाचा वाटा तो बरोबर आणीत असे.

तेव्हा दोष अंतराचा नाही. एडिसन मुंबईपेक्षा लांब आहे म्हणून हा प्रश्न उभा राहत नाही. दार बंद झाले, शेजार तुटला, आणि चार जणांत वाटलेले काम एका बाईच्या ओट्यावर येऊन पडले, म्हणून तो उभा राहतो. नाव मात्र जुनेच राहिले. आपण त्यालाही पाहुणचारच म्हणतो.

आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर ही गोष्ट आपल्याला लवकर समजायला हवी. तानसा धरण पुरे झाले १८९२ साली. पुढे वैतरणा झाले, भातसा झाले. शहापूरच्या पाण्यावर मुंबई आपली तहान भागवते, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. देणाऱ्याच्या घरात काय उरले हे घेणाऱ्याने विचारले नाही की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग हाच प्रश्न आपण आपल्या लेकी-सुनांच्या बाबतीत का विचारू नये?

यावर वडीलधाऱ्यांचे एक उत्तर ठरलेले असते. "आम्ही कष्टाने शिकवले, कर्ज काढून पाठवले, आता मुलाचे घर पाहायलाही जायचे नाही का? अशाने माणसे तुटतील." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आयुष्यात एकदाच विमानात बसणाऱ्या माणसाला 'आत्ता नको' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. मुलाचा संसार डोळ्यांनी पाहावा ही इच्छा रास्तच आहे. पण माणसे तुटतात ती वेळेवर 'नको' म्हटल्याने नव्हे. मनात नको असताना तोंडाने 'या' म्हटल्याने तुटतात. पहिल्या वर्षी साचलेली कडवट चव पुढे पंधरा वर्षे जात नाही. त्या वर्षी जिने तोंड मिटून सारे केले, तीच पुढे दिवाळीचा फोनदेखील टाळू लागते, आणि मग आपण म्हणतो की अमेरिकेला जाऊन पोरगी बदलली.

परदेशी असलेल्या आपल्या माणसाकडे कसे जावे, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म १८६५ चा. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीतल्याच रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही. तरी मिसेस कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या मुलीसारखे वागवले. आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थींनाही त्या कुटुंबाने आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत जागा दिली. पण मला येथे विशेष आठवण होते ती ११ मार्च १८८६ या दिवसाची. फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या. यजमानाच्या आयुष्यातला मोठा दिवस कोणता हे ओळखून आलेला हा पाहुणा होता. त्या तेथे आपला मान घ्यायला आल्या नव्हत्या, आनंदीबाईंचा मान करायला आल्या होत्या. परदेशातल्या आपल्या माणसाकडे जायचे ते असे जावे.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की नवदांपत्याकडे जाणाऱ्याने स्वतःला मुराळी समजावे. त्यांचे जे पहिल्या वर्षाचे कौतुक इकडे राहून गेले, ते पोचवायला आपण निघालो आहोत असे मानावे. दिवाळसण राहिला असेल तर तो तेथे जाऊन करावा. सासूने आठ दिवस ओटा आपल्या ताब्यात घ्यावा आणि सुनेला पाटावर बसवून वाढावे. यात सासूपण कमी होत नाही. गावच्या घरी ती हेच करीत आली आहे. सासऱ्यांनी भाजी चिरायला, भांडी यंत्रात लावायला, कचरा बाहेर नेऊन टाकायला शिकावे. त्यांचा वेळ जाईल आणि घराला हातभार लागेल. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्या दोघांना मुद्दाम बाहेर पाठवून आपण घरी वरणभात खाऊन झोपावे.

काही गोष्टी अगदी व्यवहाराच्या आहेत. पण त्यांतच खरा मान असतो. अमेरिकेत पर्यटक म्हणून गेलेल्याला साधारणपणे सहा महिने राहू देतात, इंग्लंडमध्येही सहा महिने, युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस. कायदा राहू देतो म्हणून तेवढे दिवस राहिलेच पाहिजे असे नाही. तिकिटाचा पैसा वसूल करण्याच्या हिशेबाने राहू नये. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्ती नाही, म्हणून पुष्कळ जण तो खर्च वाचवतात. मग एखाद्या रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले तर रुग्णालयाचे बिल त्या नव्या संसाराला बुडवू शकते. विमा हा पाहुण्याने बरोबर न्यायचा पहिला शिधा आहे. शिध्याचेही तसेच आहे. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा आईच्या हातचे तूप आणि पेढे विमानतळावरच राहण्याची शक्यता. त्यापेक्षा घरचा मसाला, भाजणी, तांदळाचे पीठ, पापड न्यावेत. आणि काय न्यायचे ते आधी मुलीला विचारावे. तिला नऊवारी पातळ नको असेल, पोळपाट हवा असेल.

मित्रमंडळींविषयी वेगळे सांगितले पाहिजे. नातेवाईक निदान ओढीने येतात. मित्र पुष्कळदा हॉटेलचा खर्च वाचवायला येतात आणि जाताना "वहिनींच्या हातचे जेवण लाजवाब" असे म्हणून मोकळे होतात. त्यांनी येण्याआधी किती जण, किती दिवस हे सांगावे, बाजारहाट आपण करावी, आणि एक वेळचे जेवण तरी स्वतः रांधावे. शिकायला जाणाऱ्याने खोलीची चौकशी येथूनच करून निघावे. बहुतेक मोठ्या गावांत आज मराठी मंडळे आहेत. गणेशोत्सवात जो स्वयंपाक दहा घरे मिळून करतात, तशीच मदत नव्या जोडप्याच्या घरी पाहुणे आल्यावर दोन शेजारी घरांनी एखाद्या दिवशी केली तर परदेशातही सावड पुन्हा सुरू होईल.

राहिला नवरा. या सगळ्या गोष्टींत त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो, आणि तो बहुधा स्वतःही सर्वांत कमी बोलतो. आई-वडील त्याचे, मित्र त्याचे, चुलत भाऊ त्याचा. पण यजमान मात्र ती. आई-वडिलांना "आई, या वर्षी नको, पुढच्या चैत्रात या" असे सांगायचे असेल तर ते त्यानेच सांगायला हवे. ते सुनेच्या तोंडून जाऊ देणे म्हणजे तिला जन्मभराची वाईट ठरवणे होय. आणि पाहुणे असताना कचेरीतून येऊन जो स्वतः पाहुण्यासारखा पानावर बसतो, त्याच्या घरात एक पाहुणा कायमचाच जास्त आहे, असे समजावे.

आपल्यापैकी काही मैत्रिणी उद्या अशाच कोणत्या तरी परक्या गावी संसार मांडतील. त्यांनी पाहुण्यांना भिऊ नये, आणि दमल्यावर तसे सांगण्याची लाजही बाळगू नये. आपल्यापैकी काही मित्र तेथे नवरे म्हणून असतील. त्यांनी भाकरी नाही तरी निदान भात लावायला येथूनच शिकून जावे. बाकीचे आपण सारे येथेच राहू, आणि कधीतरी पाहुणे म्हणून जाऊ. तिकीट काढण्याआधी आपण तिकडे एकच प्रश्न विचारावा, "तुम्हाला कोणता महिना सोयीचा?" उत्तर येईल त्या महिन्यात जावे. त्यांचा दिवाळसण अजून व्हायचा आहे. तो बरोबर घेऊन जावा.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला